शेतकऱ्याची विवंचना आणि गावाचा जोळ

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



देवाच्या कृपेने आणि सर्वांच्या हातभाराने ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार तडीस गेला. कोणी रोख वर्गणी दिली, कोणी सिमेंट-वाळू दिली, ज्याच्यापाशी यांतले काहीच नव्हते त्याने श्रमदान केले. अशा मंगल प्रसंगी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसारखा विषय कशासाठी, असा प्रश्न कुणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु देऊळ गावाचे असते आणि गाव शेतकऱ्याचे असते. देवळाचा कळस उजळला आणि त्याच्या सावलीतले एखादे घर आतल्या आत खचत राहिले, तर जीर्णोद्धार अर्धाच झाला असे म्हणावे लागेल.

या विषयाला संतांचाही आधार आहे. देहूच्या तुकोबांचे चरित्र वारकऱ्यांना मुखोद्गत आहे. घरी दुकान होते, सावकारी होती. सन १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ आला. गुरेढोरे गेली, व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्या आघातातून सावरल्यावर तुकोबांनी दोन गोष्टी केल्या, असे परंपरा सांगते. पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी नीट बांधून काढले; आणि लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते काढून, धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याच्या स्वाधीन करून, आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. देवळाचा जीर्णोद्धार आणि ऋणकोंची सुटका ही दोन्ही कामे एकाच हाताने झाली. तेव्हा देवळाच्या मंडपात कर्जाविषयी बोलणे गैर नाही. ते परंपरेला धरूनच आहे.

चिलगव्हाणची घटना

१९ मार्च १९८६ हा दिवस महाराष्ट्राने विसरू नये असा आहे. त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाण गावचे शेतकरी साहेबराव करपे यांनी आपले जीवन संपवले. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नीचा आणि चार मुलांचाही अंत झाला. राज्यात गाजलेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. साहेबराव हे काही निराधार गृहस्थ नव्हते. गावचे सरपंचपद त्यांनी भूषविले होते. गाण्याची व भजनाची त्यांना आवड होती. ज्याच्या भोवती संध्याकाळी चार माणसे जमत, तो माणूस आपल्या विवंचनेत मात्र एकटा राहिला. ही गोष्ट प्रत्येक गावाने मनाशी धरून ठेवावी अशी आहे.

ही घटना घडली ती वर्ध्याजवळ पवनारच्या परिसरात. पवनार म्हणजे आचार्य विनोबा भावे यांची कर्मभूमी. आणि विनोबांची जन्मभूमी म्हणजे आपल्याच पेण तालुक्यातील गागोदे. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या या महापुरुषाने १९५१ पासून देशभर पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागितली. १९८२ मध्ये ते निवर्तले, आणि अवघ्या चार वर्षांनी त्यांच्याच आश्रमाच्या परिसरात जमीन असलेला शेतकरी जगण्याला पारखा झाला. हातात जमीन असणे आणि त्या जमिनीवर संसार चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी उघड झाले.

पुढे ही एक घटना राहिली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केली. त्यांतील ४,२४८ महाराष्ट्रातील होते. म्हणजे राज्यात दिवसाला अकरा-बारा माणसे. देशभरच्या या आकड्यात शेतमजुरांची संख्या जमीनधारकांपेक्षाही अधिक होती. ज्ञानोबा-तुकोबांच्या आणि सहकारी चळवळीच्या या राज्याला ही संख्या शोभणारी नाही.

दुखण्याचे मूळ

हे दुखणे आजचे नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतांची होळी केली आणि १८७९ मध्ये इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, तो याच दैन्याची कारणे सांगण्यासाठी. सावकाराची रूपे बदलली, कागद बदलले. फास तोच राहिला.

विदर्भ-मराठवाड्यात या फासाची वीण अशी आहे. शेती बहुतांशी कोरडवाहू. पीक कापसाचे वा सोयाबीनचे, म्हणजे घरी खाण्याचे नव्हे, बाजारात विकण्याचे. बी, खत, फवारणी, मजुरी हा सारा खर्च पेरणीपासून रोखीने करावा लागतो. पाऊस लांबला तर दुबार पेरणी आणि दुप्पट खर्च. पीक चांगले आले तर सगळ्यांचेच चांगले येते व भाव कोसळतो. बँकेचे कर्ज थकले की नवे कर्ज मिळत नाही. मग खाजगी सावकाराचे दार. त्यातच घरातले आजारपण किंवा मुलीचे लग्न उभे राहते. यातले कोणतेही एक कारण माणूस सोसू शकतो. ती सारी एकाच हंगामात एकत्र आली, की भला धीराचा माणूसही डगमगतो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफीच्या योजना आल्या. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूद २००६ पासून आहे. परंतु कर्जमाफी बँकेच्या वहीतले कर्ज पुसते. पुढच्या हंगामाचा भाव तिने ठरत नाही आणि सावकाराचे कर्ज तिच्या यादीत नसते. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ पर्यंत आपले अहवाल दिले. उत्पादन खर्चावर निम्मा नफा धरून हमीभाव असावा, ही त्याची शिफारस गावोगाव माहीत झाली. घाव कुठे आहे हे त्यात स्पष्ट दिसते. पिकवणाऱ्याच्या हातात शेवटी काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

कोकणचे दुखणे

या सुखदुःखाशी कोकणाचा काय संबंध, असे कुणी विचारील. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांचे प्रमाण विदर्भ-मराठवाड्याच्या मानाने फार थोडे आहे, हे खरे. येथे पाऊस सहसा दगा देत नाही. भात पिकते ते आधी घरच्या कणगीत जाते. पावसाळा सरला की वाल, हरभरा होतो. खाडीत मासळी आहे, तळ्यात जिताडा आहे. आणि मुख्य म्हणजे मुंबई आहे. गिरणीत वा गोदीत राबणाऱ्या एका भावाच्या मनीऑर्डरीवर गावाकडच्या दोन भावांचा संसार पिढ्यानुपिढ्या तरला. १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्यांचे भोंगे बंद पडले, तरी मुलांनी दुसरी वाट शोधली.

पण आत्महत्या कमी म्हणजे दैन्य कमी असे नव्हे. कोकणातला शेतकरी मरत नाही, तो शेती सोडून जातो. कासूच्या पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला अंबा नदीच्या व धरमतर खाडीच्या अंगाने पसरलेला खारेपाट. डोंगराकडच्या वाड्यांवरचे कातकरी बांधव दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. जाण्याआधी मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यात त्यांचा हंगाम जातो आणि मुलांची शाळा बुडते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. उचलीचा फेरा मात्र अजून सुटलेला नाही. खेड्यातल्या विवंचनेचा विचार सातबाराच्या उताऱ्यापाशी थांबला, तर ज्याच्या नावावर गुंठाही नाही असा हा माणूस विचारातून सुटून जाईल.

खारेपाटाची कथा आणखी निराळी. उधाणाचे पाणी बांध फोडून शेतात शिरले की भाताचे ते वर्ष तर जातेच, शिवाय जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढची दोन-तीन वर्षेही जातात. खांड वेळेवर बुजली नाही तर खारफुटी उगवते. एकदा ती रुजली की तिला कायद्याचे संरक्षण असते. ते निसर्गाच्या दृष्टीने योग्यही आहे, पण शेतकऱ्याचे शेत सातबारावर राहते आणि प्रत्यक्षात हातचे जाते. २३-२४ जुलै १९८९ ला अंबा नदीच्या पुराने नागोठणे-जांभुळपाड्याची काय दशा केली, हे जुन्या माणसांना सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्याच्या दक्षिण भागातील नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या केल्या. नुकसान झाले की कर्ज, कर्ज झाले की जमिनीचा तुकडा विकणे, आणि तुकडा विकला की त्याच शेजारी दुसऱ्याच्या बंगल्यावर पहारा करणे, ही येथील वाट आहे. संकट हळू येते म्हणून ते वर्तमानपत्रात येत नाही, इतकेच.

जोळ

मात्र या खारेपाटाने एक मोठा विचार देशापुढे ठेवला आहे, आणि तो कोणत्याही ग्रंथात शोधावा लागत नाही. तो म्हणजे जोळ. खाडीकाठच्या बांधाआड ज्यांची शेते, त्यांची मिळून ही संघटना. बांधाची देखरेख सगळ्यांनी करायची. खेकड्याने पाडलेले भोकही वेळीच बुजवायचे. उघडीची फळी नीट बसते की नाही हे पाहायचे. ज्याची जमीन जितकी, तितके त्याचे श्रम. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खांड पडली, तर ती कुणाच्या शेतासमोर पडली असे विचारीत बसायचे नाही. घमेली, पेंढा, चिखल घेऊन सगळ्यांनी धावायचे. कारण खारे पाणी एका शेतात शिरले की ते बांधाच्या आतल्या प्रत्येक शेतात पोहोचते. शेजाऱ्याचे शेत वाचवण्यातच आपले शेत वाचते, हा व्यवहार येथील निरक्षर माणसालाही कळत होता.

१९४८ मध्ये मुंबई राज्याचा खारभूमी कायदा झाला, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. बांध सरकारी योजनेत गेले. मोठी कामे होऊ लागली, हा फायदा झाला. परंतु बांध सरकारचा झाला तशी गावाची नजर त्यावरून उडाली. लहानसे भोक पाहून त्यात मूठभर चिखल घालण्याऐवजी अर्ज लिहिला जाऊ लागला. अर्ज मंजूर होईतो भोकाची खांड झाली.

कर्जाचेही नेमके असेच आहे. माणूस एका दिवसात बुडत नाही. आधी लहानसे भोक पडते. सोसायटीचा एक हप्ता चुकतो. दागिना गहाण पडतो. माणूस चार लोकांत येईनासा होतो, देवळात येईनासा होतो, रात्री जागा राहतो, बाटलीकडे वळतो, आवराआवरीची भाषा बोलू लागतो. शेजाऱ्याला हे दिसते. पण दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसा, म्हणून तो गप्प बसतो. आणि ज्याच्यावर वेळ आली तो अब्रूपायी गप्प बसतो. दोन्ही बाजूंच्या या मौनात खांड वाढत जाते. जमिनीचा जोळ आपल्या पूर्वजांनी बांधला. आता माणसांचा जोळ बांधावयास हवा.

चरीचा धडा

मिळून सोसले तर माणूस किती सोसू शकतो, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय झाला. पंचवीस गावे त्यात उतरली. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जात होता, वरून वेठ होती. संप थोडाथोडका नाही, १९३९ पर्यंत, सहा वर्षे चालला. जमिनी ओस पडल्या. लोकांनी लाकूडफाटा विकला, मासळी धरली, मोलमजुरी केली. पण संप मोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतकऱ्यांची बाजू उचलून धरली आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे कुळांना संरक्षण देणारे कायदे झाले, खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्याला मालकीचा हक्क मिळाला.

त्या शेतकऱ्यांची गरिबी आजच्यापेक्षा शतपट अधिक होती. पण घरात धान्य नाही हे सांगण्याची कुणाला लाज नव्हती, कारण ते सगळ्यांच्याच घरात नव्हते आणि त्याचे कारण सगळ्यांना ठाऊक होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांनी महामुंबई सेझच्या प्रश्नावर सार्वमत दिले, तेव्हाही हाच एकोपा दिसला. जमीन वाचवण्यासाठी गावे एक होतात. माणूस वाचवण्यासाठीही त्यांनी व्हावे.

करावयाच्या गोष्टी

उपायांचे तीन ठिकाणी वाटप करता येईल: घर, गाव आणि सरकार.

घरापासून प्रारंभ करू. देणे-घेणे वहीत लिहावे आणि ती वही घरधनिणीला माहीत असावी. नवरा गेल्यावर कर्जाचा आकडा जिला सावकाराच्या तोंडून कळतो, तिच्यावर दोन संकटे एकदम कोसळतात. जमिनीवर पत्नीचे नाव लावावे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांकडून हे करविले, आणि १९९२ मध्ये सरकारनेही तशी सोय केली. लग्नाचा खर्च कर्ज काढून करू नये; मांडवाची शोभा एका दिवसाची आणि व्याज दहा वर्षांचे.

गावाचे काम सर्वांत मोठे. देवाच्या पैशाला हात न लावताही ते होण्यासारखे आहे. महिन्यातून एकदा, आरतीनंतर, याच मंडपात अर्धा तास बैठक व्हावी. पाच विश्वासू माणसे नेमावीत. त्यांत दोन स्त्रिया आणि डोंगराकडच्या वाडीवरचा एक प्रतिनिधी असावा. ज्याचा हप्ता थकला, ज्याचे भात भिजले, ज्याच्या घरी मोठे आजारपण आले, त्याच्याकडे त्यांनी आपणहून जावे. घरातली गोष्ट घरातच ठेवून कागदपत्रांस मदत करावी. वेळेत फेडणाऱ्यास तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते, हे अनेकांना माहीत नसते आणि ते खाजगी कर्ज काढून बसतात. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ पासून लागू आहे; परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि अशा सावकारीत गेलेल्या जमिनीबद्दल जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. वीज पडून, सर्प चावून, पाण्यात बुडून शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. हक्काचा पैसा कागदावाचून राहू नये, एवढे गावाने पाहावे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार उघडले, ही कथा सर्वांना माहीत आहे. गावाला बादशहाचे कोठार नको; पण सुगीला प्रत्येक घरातून दोन पायली भात बाजूला काढून गावकोठी उभारता येईल, आणि अडलेल्याला ते बिनव्याजी देता येईल. खारवट जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती तयार केल्या आहेत. त्यांचे बियाणे एकत्र आणावे. मुंबईकर मंडळींनी देवळाला जसा हात दिला, तसा एखाद्या हुशार मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाला द्यावा. आणि ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घरातील विधवेचे नाव सातबारावर लागेपर्यंत गावाने तिच्या पाठीशी उभे राहावे. तिला हळदीकुंकवातून वगळायचे आणि तिच्या जमिनीची मोजणी मात्र करायची, हे धर्माला धरून नाही.

सरकारकडे मागायचे ते दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून. बांधांची दुरुस्ती उधाणाआधी व्हावी. भाताची सरकारी खरेदी सुगीला सुरू व्हावी. २०२४-२५ मध्ये साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता, पण खरेदी केंद्र उघडण्याआधीच व्यापाऱ्याला माल देण्याची वेळ आली तर तो आकडा कागदावरच राहतो. नुकसानीचा पंचनामा वेळेत व्हावा. डोंगराकडच्या वाड्यांवर दिवाळीनंतरही काम मिळावे, म्हणजे उचलीची गरज उरणार नाही.

शेवटी एक विनंती. एखाद्याच्या मनात जगण्याविषयी विपरीत विचार येऊ लागले तर ते वेड नव्हे आणि पापही नव्हे. ते दुखणे आहे, आणि तापावर जसे औषध आहे तसे त्यावरही आहे. सरकारने २०२२ पासून टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक देवळाच्या फलकावर देणगीदारांच्या नावांशेजारी लिहिला जावा. अशा माणसाला उपदेश करू नये, एकटे सोडू नये. त्याच्यापाशी बसावे, त्याचे ऐकावे, आणि त्याला दवाखान्यात घेऊन जावे.

देऊळ बांधताना गावाने कुणाची वर्गणी मोठी व कुणाची लहान हे पाहिले नाही. सगळ्यांचे हात लागले म्हणून कळस चढला. हेच हात आता एकमेकांच्या बांधाला लागोत. कासू गावात आणि पंचक्रोशीत कुणाच्याही घरी खांड पडली, तर ती सर्वांनी मिळून बुजवावी, एवढी बुद्धी ग्रामदैवताने सर्वांना द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.